‘सवितालुका’ कशी जन्मली?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पत्ता कसा लिहितात ते तुम्हांला ठाऊक आहेच. ‘मु. पो. धाड, ता. जि. बुलढाणा.’ मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट, ता. म्हणजे तालुका आणि जि. म्हणजे जिल्हा. लिहिताना हात वाचतो आणि पोस्टमनलाही अडचण पडत नाही.

एकदा विज्ञान प्रदर्शनात भाग घेतलेल्या मुलामुलींची यादी माझ्याकडे आली. प्रत्येक ओळीत आधी आडनाव, मग नाव, मग पूर्णविराम आणि पुढे पत्ता. प्रमाणपत्रावर असे संक्षेप बरे दिसत नाहीत, म्हणून मी संगणकाला सांगितले, ‘जेथे ता. दिसेल तेथे तालुका लिही.’ काम क्षणात झाले. मीही निर्धास्त झालो. प्रमाणपत्रे छापायला देण्यापूर्वी सहज यादीवर नजर टाकली, तर एका मुलीचे नाव ‘सवितालुका’ झालेले! दुसरी एक ‘गीतालुका’ झाली होती.

संगणकाने येथे काहीच चूक केलेली नव्हती. ‘सविता’ या नावापुढे पूर्णविराम होता. म्हणजे ‘सवि’ च्या पुढे ‘ता.’ होतेच. सांगितल्याप्रमाणे त्याने ते बदलले. चूक माझी होती. पण ही चूक नेमकी काय होती आणि ती टाळायची कशी, हे पाहू लागलो की एका साध्या दिसणाऱ्या कामात किती खाचाखोचा आहेत ते ध्यानात येते. मजकुरातील अनेक चिन्हे एकाच वेळी बदलणे किंवा काढून टाकणे, हे ते काम.

संगणकाच्या भाषांत मजकुराला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे दोरा. नाव समर्पक आहे, कारण संगणकाच्या दृष्टीने मजकूर म्हणजे एका दोऱ्यात ओवलेली चिन्हांची माळच असते. माळेतील प्रत्येक मण्याला एक क्रमांक असतो. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘यूनिकोड’ या पद्धतीत ‘ड’ चा क्रमांक २३३७ आहे, ‘ढ’ चा २३३८. ‘धाड’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो; संगणकाला मात्र तेथे तीन मणी दिसतात : ध, काना आणि ड. काना हा स्वतंत्र मणी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

आता एक प्रयोग करू. त्याला संगणक लागत नाही, कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात. इनस्क्रिप्ट या कळफलकावर ड आणि ढ एकाच कळीवर बसवलेले आहेत. नुसती कळ दाबली की ड, शिफ्टसह दाबली की ढ. समजा, टंकलेखन करणाऱ्याने या दोहोंची उलटापालट केली. ‘धाड’ चे झाले ‘धाढ’, ‘डोणगाव’ चे ‘ढोणगाव’ आणि ‘आषाढ’ चे ‘आषाड’. हे तीन चुकीचे शब्द चिठ्ठ्यांवर एकेक मणी सुटा करून मांडा. आता दुरुस्ती करायची आहे. सरळ मार्ग कोणता? आधी सगळे ड बदलून ढ करू, मग सगळे ढ बदलून ड करू.

करून पाहा. पहिल्या फेरीनंतर चिठ्ठ्यांवर ‘धाढ’, ‘ढोणगाव’, ‘आषाढ’ असे दिसेल. दुसऱ्या फेरीनंतर ‘धाड’, ‘डोणगाव’, ‘आषाड’. गावे दुरुस्त झाली, पण आषाढ बिघडलेलाच राहिला. दुरुस्त झालेला आषाढ दुसऱ्या फेरीने पुन्हा बिघडवला.

असे का झाले? पहिली फेरी संपताच सगळीकडे ढ झाले. त्यांतला कोणता ढ मुळात ढ होता आणि कोणता आपण नुकताच बनवला, हे ओळखण्याची कसलीही खूण उरली नाही. एका पेल्यात गरम आणि दुसऱ्यात थंड पाणी घ्या. ते एकत्र ओतल्यावर ‘आता गरम तेवढे बाजूला काढ’ असे म्हणून चालत नाही. तसेच हे. माहिती पहिल्याच पायरीत नष्ट झाली, मग पुढच्या पायऱ्या कितीही हुशारीने केल्या तरी व्यर्थ.

तुमच्यापैकी काही जण लगेच म्हणतील, तिसरा पेला घ्या! बरोबर आहे. आधी ड च्या जागी चांदणी ठेवा, मग ढ चा ड करा, शेवटी चांदणीचा ढ करा. युक्ती चालते, अट एवढीच की मूळ मजकुरात चांदणी कोठेही असता कामा नये. दोन अक्षरांसाठी हे ठीक आहे. पण वीस अक्षरांची अदलाबदल करायची असेल तर कधीही न वापरलेली चिन्हे शोधत बसावे लागेल, आणि एखादे चिन्ह मजकुरात आधीच दडलेले निघाले की पुन्हा घोटाळा. मला स्वतःला ही युक्ती आवडत नाही. ती चालते तोवर चालते.

खरा उपाय अगदी वेगळा आहे, आणि तो पोस्टात रोज पाहायला मिळतो. तेथे पत्रांची वाटणी करणारा माणूस आधी सगळा ढीग चाळून मेहकरची पत्रे, मग पुन्हा सगळा ढीग चाळून चिखलीची, असे करत नाही. तो एक पत्र उचलतो, पत्ता वाचतो, योग्य कप्प्यात टाकतो आणि पुढचे उचलतो. प्रत्येक पत्र एकदाच हाताळले जाते.

मजकुराचेही तसेच करावे. एक तक्ता बनवा. डाव्या रकान्यात जुने चिन्ह, उजव्या रकान्यात नवे. ड समोर ढ, ढ समोर ड. जे चिन्ह काढून टाकायचे असेल त्याच्यासमोर रिकामी जागा. आता मूळ माळ डावीकडून उजवीकडे एकदाच वाचा. प्रत्येक मण्यासाठी तक्त्यात पाहा. सापडला तर उजव्या रकान्यातला मणी, न सापडला तर तोच मणी एका नव्या दोऱ्यात ओवा. जुन्या दोऱ्याला हात लावायचा नाही. नव्या दोऱ्यात गेलेला मणी पुन्हा वाचला जात नसल्यामुळे आपणच केलेला बदल आपणच खाऊन टाकण्याचा प्रश्न उरत नाही. चिठ्ठ्यांवर हा प्रयोग करून पाहा, आषाढ या वेळी सुखरूप राहील.

पायथन या भाषेत ‘मेकट्रान्स’ ही सूचना असा तक्ता बनवते आणि ‘ट्रान्सलेट’ ही त्याप्रमाणे नवी माळ ओवून देते. युनिक्स या संगणक प्रणालीत ‘टीआर’ नावाची छोटी आज्ञा १९७० च्या दशकापासून हेच काम करते. मात्र ती मुळात एका बाइटमध्ये मावणाऱ्या चिन्हांसाठी लिहिलेली होती. देवनागरीचा एक मणी आजच्या प्रचलित यूटीएफ-८ साठवणीत तीन बाइट घेतो. त्यामुळे मराठी मजकुरावर ती वापरताना जपून.

अशा तक्त्याचे सर्वांत सुबक उदाहरण म्हणजे अंक. पावसाच्या नोंदी कुणी देवनागरी अंकांत टंकलिखित केल्या की तालिका मांडणाऱ्या आज्ञावलीला ते पुष्कळदा आकडे वाटतच नाहीत, मजकूर वाटतो. बेरीज मागितली की उत्तर शून्य. आता क्रमांक पाहा. देवनागरी ० ते ९ यांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत आणि इंग्रजी शून्य ते नऊ यांचे ४८ ते ५७. दोन्हीकडे ओळीने. म्हणजे प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक तयार! दहा ओळींच्या तक्त्याऐवजी एक वजाबाकी. येथे एकामागून एक दहा फेऱ्या केल्या तरी उत्तर चुकणार नाही, कारण नवे अंक जुन्या अंकांत मिसळत नाहीत. जुने आणि नवे संच एकमेकांत शिरतात तेव्हाच घोटाळा होतो. वेगाचे म्हणाल तर एक लाख चिन्हांवर दहा फेऱ्या म्हणजे दहा लाख तपासण्या, आणि त्याही आजच्या संगणकाला पापणी लवण्याइतका वेळ घेत नाहीत. तक्ता वापरायचा तो अचूकपणासाठी.

आता सविताकडे परत येऊ. येथे एकच मणी बदलायचा नव्हता, त, काना आणि पूर्णविराम असा तीन मण्यांचा तुकडा बदलायचा होता. तुकडे आले की दोन नवे प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न शेजाऱ्याचा. ‘ता.’ च्या आधी काय आहे? मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा ओळीचा आरंभ असेल तरच तो तालुका. आधी ‘वि’ असेल तर ती सविता. एवढी अट घातली असती तर माझी फजिती टळली असती. (त्यानेही सगळे भागत नाही. ‘ता. ५ मार्च’ मधला ता. म्हणजे तारीख! ‘तालुका ५ मार्च’ असे छापून आले तर हसू नका. तेथे पुढचा मणी अंक आहे की अक्षर हेही पाहावे लागते.)

दुसरा प्रश्न लांबीचा. ‘ता. जि. बुलढाणा’ याचे ‘तालुका जिल्हा बुलढाणा’ झाले तर ते कानाला खटकते. ‘तालुका व जिल्हा’ हवे. म्हणून तक्त्यात ‘ता. जि.’ हा जोडतुकडाही घालावा लागतो. पण माळ वाचताना त्याच जागी ‘ता.’ ही जुळतो आणि ‘ता. जि.’ ही जुळतो. कोणता घ्यायचा? नियम असा की जो लांब असेल तो आधी. लहान तुकडा आधी बदलला की लांब तुकडा मोडतो आणि पुन्हा कधीच सापडत नाही. आणि नीटनेटकेपणा म्हणून सगळे पूर्णविराम आधीच पुसून टाकलेत, तर ‘ता.’ शोधायचा कशावरून?

हा लांबीचा नियम मराठीत किती महत्त्वाचा आहे, ते ‘खामगाव’ या नावावरून दिसते. यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली व तीत देवनागरी होतीच; पण आपल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत त्यानंतरही पुष्कळ वर्षे कृतिदेव, श्री-लिपी, आकृती असे टंक वापरात राहिले. कृतिदेवात देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार चढवलेले होते, आणि तेही जुन्या टंकलेखन यंत्राच्या पद्धतीने, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी. पूर्ण ख साठी एक कळ नाही. आधी अर्धा ख, मग उभा दंड. आणि हा उभा दंड म्हणजेच काना! तीच कळ, तोच क्रमांक. त्यामुळे ‘खामगाव’ हे नाव त्या टंकात असे साठवले जाते : अर्धा ख, दंड, दंड, म, ग, दंड, व. पहिला दंड ख पुरा करतो, दुसरा आणि तिसरा काना आहेत.

हा मजकूर यूनिकोडमध्ये आणायचा तर तक्ता कसा असावा? ‘दंड म्हणजे काना’ ही ओळ आधी चालवली तर ख पांगळाच राहील आणि त्याला दोन काने चिकटतील. ‘अर्धा ख अधिक दंड म्हणजे पूर्ण ख’ ही ओळ आधी हवी. भ, ध, थ, श, ण यांचेही तेच. असे शेकडो तुकडे एकाच फेरीत शोधायचे तर प्रत्येक जागी प्रत्येक तुकडा ताडून पाहणे महाग पडते. त्यासाठी आल्फ्रेड एहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ मध्ये एक सुंदर रीत प्रसिद्ध केली. तीत सगळ्या तुकड्यांचे मिळून एक झाड तयार करतात आणि मजकूर एकदाच वाचत त्या झाडाच्या फांद्यांवरून पुढे सरकतात. तुकडे दहा असोत वा दहा हजार, मजकूर एकदाच वाचायचा.

तरीही निव्वळ बदलून भागत नाही. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, कारण ती दिसते डावीकडे. ‘चिखली’ मध्ये पहिला मणी वेलांटी, मग च. यूनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी च, मग वेलांटी. रफाराचे उलट. ‘पूर्णा’ नदीच्या नावातला रफार जुन्या टंकात ण आणि काना यांच्याही नंतर येतो. यूनिकोडमध्ये त्याला उचलून ण च्या आधी न्यावे लागते. जुन्या मजकुराचे रूपांतर झाल्यावर वेलांट्या भलत्या अक्षरावर बसलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. हे उचलून ठेवण्याचे काम कुणीतरी अर्धवट सोडलेले असते.

बदलण्यापेक्षा काढून टाकणे सोपे, असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटत असे. मजकूर स्वच्छ करायचा म्हणून पुष्कळ आज्ञावल्यांत एक ठरलेली ओळ लिहिलेली असते : ‘जे अक्षर नाही, अंक नाही आणि मोकळी जागाही नाही, ते सर्व काढून टाक.’ इंग्रजीसाठी ही ओळ निर्धोक आहे. पण मघाशी सांगितलेले आठवा. काना हा स्वतंत्र मणी आहे, आणि यूनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व पाय मोडण्याची खूण यांची गणना ‘अक्षर’ या वर्गात होत नाही. त्यांचा ‘जोडखुणा’ असा निराळा वर्ग आहे. पायथनच्या नेहमीच्या शोधसूत्रात ‘शब्दातील चिन्ह’ म्हणून जी खूण आहे, तीतही त्या येत नाहीत. ही ओळ आपल्या जिल्ह्याच्या यादीवर चालवली की बुलढाण्याचे ‘बलढण’ होते, लोणारचे ‘लणर’, मोताळ्याचे ‘मतळ’ आणि सिंदखेड राजाचे ‘सदखड रज’.

गावांची नावे निदान ओळखून दुरुस्त करता येतील. माणसांचे काय? राम, रमा, रोमा आणि रीमा ही चारही नावे ‘रम’ होतात. राणी आणि रेणू दोघी ‘रण’. चार वेगळी माणसे एक झाली, आणि त्यांना पुन्हा वेगळे करण्याची खूण कोठेही नाही. पेल्यातले गरम आणि थंड पाणी पुन्हा एकदा मिसळले! म्हणून माझा आग्रह असा की मराठी मजकुरात ‘काय ठेवायचे’ ते सांगण्याऐवजी ‘काय काढायचे’ ते एकेक नाव घेऊन सांगावे : स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, कंस. आणि ‘काय ठेवायचे’ असेच सांगायचे झाले तर त्यात जोडखुणांचा वर्ग न विसरता घालावा.

(जाता जाता मोकळ्या जागेची एक गंमत. ‘दोन मोकळ्या जागा दिसल्या की एक कर’ असे सांगितले आणि मजकुरात लागोपाठ तीन असल्या, तर एका फेरीनंतर दोन उरतात! आपण केलेला बदल पुन्हा वाचायचा नाही, हा येथे अडसर ठरतो. एक तर फेरी पुन्हा मारावी, नाहीतर ‘एक किंवा अधिक’ असे सांगावे.)

सर्वांत फसवे मणी ते, जे दिसतच नाहीत. क्रमांक ८२०५ चे चिन्ह असेच आहे. त्याला रुंदी नाही, आकार नाही. शेजारच्या अक्षरांनी कसे जोडले जावे एवढेच ते सांगते. स्वच्छतेच्या उत्साहात पुष्कळ जण ‘न दिसणारा कचरा’ म्हणून ते उडवतात. मराठीत तो कचरा नाही. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातील अर्धा र पाहा. तो दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात २३५३ क्रमांकाचा खास ऱ असतो आणि त्यापुढे पाय मोडण्याची खूण. दुसऱ्या प्रकारात साधा र, पाय मोडण्याची खूण आणि मग हा अदृश्य ८२०५. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण दुसऱ्या प्रकारातून ८२०५ काढून टाकला की आडवा र नाहीसा होतो आणि पुढच्या अक्षरावर रफार चढतो. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो. ‘आचाऱ्याला बोलवा’ याचे ‘आचार्याला बोलवा’ होते, आणि स्वयंपाकघरात गुरुजी येऊन उभे राहतात!

येथे मात्र क्रम मुद्दाम पाळावा लागतो. आधी ‘साधा र, पाय मोडण्याची खूण, ८२०५’ या तीन मण्यांच्या तुकड्याच्या जागी ‘खास ऱ, पाय मोडण्याची खूण’ हा दोन मण्यांचा तुकडा ठेवा. त्यानंतर उरलेले ८२०५ काढायचे तर काढा. लांब तुकडा आधी, सुटा मणी नंतर. खामगावला लावलेला नियम हाच.

आपल्या जिल्ह्याचे नाव ‘बुलढाणा’ असेही लिहिलेले आढळते आणि ‘बुलडाणा’ असेही. एकाचा शोध घेतला तर संगणकाला दुसरे सापडत नाही, कारण २३३७ आणि २३३८ हे त्याच्या लेखी पूर्णपणे वेगळे मणी आहेत. अशा वेळी मूळ यादीत हात घालू नये. शोधण्यापुरती एक वेगळी प्रत करावी, तीत दोन्ही रूपे एकसारखी करून घ्यावीत आणि सापडलेली ओळ मूळ यादीतून जशीच्या तशी दाखवावी. ढ चा ड सरसकट करण्याची मात्र घाई नको. आषाढाचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारांनी चिठ्ठ्यांवर मण्या-मण्यांनी मांडा आणि चिठ्ठ्या मोजा. एका प्रकारात १३ आणि दुसऱ्यात १४ यायला हव्यात. शाळेत संगणक असेल तर तोच शब्द दोन्ही प्रकारांनी टंकलिखित करून त्याची लांबी विचारा, आणि मग विचारा की हे दोन शब्द समान आहेत का. उत्तर ‘नाही’ असे येईल. ते ‘होय’ यावे म्हणून तक्त्यात कोणती ओळ लागेल, ती लिहून शिक्षकांना दाखवा.